दिवाणातली हार्ड डिस्क

दिवाळीला गावी जाणार असाल, तर बॅगेत कपड्यांच्या घडीखाली एक छोटीशी वस्तू टाकून न्या. किंमत साधारण हजार-बाराशे रुपये, म्हणजे कोरेगाव पार्कात दोघांच्या कॉफी-सँडविचला जातात तेवढेच. नाव जरा भारदस्त आहे, ‘यूएसबी टू आयडीई-साटा ॲडॅप्टर’. काम मात्र एकदम साधं. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातली हार्ड डिस्क बाहेर काढायची, याला जोडायची आणि याची वायर आपल्या लॅपटॉपमध्ये खुपसायची. सगळं धड असेल तर ती डिस्क पेनड्राइव्हसारखी समोर उघडते.

‘कशाला पाहिजे ती कटकट?’ असं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या घरातला दिवाण उघडून बघावा. अमरावती-अकोल्याकडे माझ्या वयाच्या बहुतेकांच्या घरी एक पिवळट पडलेला कॅबिनेट असतोच. २००१ साली एमकेसीएल सुरू झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी आलं आणि वऱ्हाडात घरोघरी कॉम्प्युटर घ्यायची लाटच आली. कापसाच्या चुकाऱ्यातून म्हणा, बाबांच्या जीपीएफमधून म्हणा, पोरांसाठी एक असेंबल्ड पेंटियम फोर यायचा. २५६ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क, भलामोठा मॉनिटर, वर फुलाफुलांचं कव्हर आणि त्या कव्हरला आईने लावलेली लेस! मग पोरं बडनेऱ्याला नाहीतर शेगावला इंजिनीअरिंग करून हिंजवडीत आली, त्यांच्याकडे लॅपटॉप आले. कॉम्प्युटर तिकडेच राहिला. आधी हॉलमध्ये, मग मधल्या खोलीत, शेवटी दिवाणात.

तो बंद कसा पडला हेही ठरलेलंच. आपल्याकडचं लोडशेडिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पारसचं वीजकेंद्र अकोला जिल्ह्यात, आणि अंधार अकोल्यात! दिवसातून कितीतरी वेळा वीज जायची आणि येताना झटका देत यायची. यूपीएसची बॅटरी पहिल्या दोन वर्षांतच मान टाकायची. त्यात एसएमपीएस जळायचा, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगायचे. म्हणजे बहुतेक वेळा मेलं ते वीजपुरवठ्याचं खोकं किंवा बोर्ड. डिस्क नाही! ‘कॉम्प्युटर खराब झाला’ या एका वाक्यात आपण डिस्कचाही अंत्यविधी उरकून टाकतो. रिपेअरवाल्याकडे नेला तर तोही म्हणतो, ‘याचे पार्ट आता कोठी भेटते भाऊ? नवाच घेऊन टाका.’ त्याच्या जागी तो बरोबर आहे. आपल्याला कॉम्प्युटर सुरू करायचाच नाहीये. आपल्याला हवाय आतला माल.

आणि माल साधासुधा नाही हं! २००२ ते २००८ या काळात आपण जे काही केलं, त्याची दुसरी प्रत बहुतेक जणांकडे नाही. आठवा जरा. पहिला डिजिटल कॅमेरा आला तेव्हा फोटो धुवायचं बंद झालं, ‘कॉम्प्युटरमध्ये आहेत की’ म्हणून. त्यातले चार निवडक फोटो ऑर्कुटवर चढवले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. कॉलेजच्या ग्रुपवरचे मेल याहू ग्रुप्सवर होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनीही गाशा गुंडाळला. पिकासा २०१६ मध्ये गेलं. क्लाउड नावाचा प्रकार घरोघरी पोचला तो नंतर. म्हणजे आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो, ताईच्या लग्नाची यादी, मूर्तिजापूरच्या स्टेशनात उभ्या असलेल्या शकुंतला रेल्वेचा ट्रिपमधला फोटो (गाडी आता धावत नाही, हे वेगळं सांगायला नकोच) हे सगळं असेल तर त्या डब्यात आहे. नसेल तर कुठेच नाही.

आता कामाचं बोलू. डिस्क कॅबिनेटमधून काढताना चार स्क्रू आणि दोन वायरी, एवढाच मामला असतो. मोठी डिस्क साडेतीन इंची, वजनाला जड, साबणदाणीपेक्षा थोडी मोठी. तिच्या मागे बघा. बारीक टाचण्यांच्या दोन ओळी दिसल्या, एकूण ४०, त्यातली बहुधा मधली एक गायब, आणि शेजारी चार जाड पिना, तर ती आयडीई. अर्थात पाटा म्हणा. तिला पूर्वी ती रुंद, करड्या रंगाची पट्टी लागायची. टाचण्या नसून एल आकाराच्या दोन चपट्या खाचा दिसल्या, एक छोटी आणि एक लांब, तर ती साटा. साटा डिस्क बाजारात २००३ पासून यायला लागल्या, आपल्या गल्लीत पोचायला २००६-०७ उजाडलं. जुन्या लॅपटॉपची डिस्क अडीच इंची असते. तीही आयडीई असेल तर टाचण्या ४४, कारण तिची वीजही त्याच ओळीतून जाते.

बाजारात मिळणारं चांगलं ॲडॅप्टर या तिन्हींना चालतं. साबणाच्या वडीएवढं ठोकळं, एका अंगाला ४० भोकं, दुसऱ्या अंगाला ४४, तिसरीकडे साटाची खाच. घेताना एकच गोष्ट बघा, आणि त्यात तडजोड करू नका : सोबत विजेचं वेगळं खोकं आहे का? नुसती यूएसबी केबल स्वस्तात मिळते म्हणून बरेच जण ती उचलतात आणि मग डिस्क हूं की चूं करत नाही. कारण सोपं आहे. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते, तिच्यावरचा सर्किट बोर्ड ५ व्होल्टवर चालतो. यूएसबीच्या पोर्टमधून आपल्याला मिळतात फक्त ५. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ५ व्होल्ट पुरतात, तिचं काम एका केबलवर भागतं. तिथेही जुन्या पोर्टमधून ५०० मिलिॲम्पिअर मिळतात आणि डिस्क सुरू होताना त्यापेक्षा जास्त ओढू शकते, म्हणून काही केबलींना दोन तोंडं दिलेली असतात. दोन्ही खुपसा.

आणि हो, घरातल्या राउटरचं १२ व्होल्टचं खोकं इथे चालवायचा जुगाड कृपया करू नका. डिस्कला १२ आणि ५ दोन्ही लागतात. चार पिनांच्या विजेच्या जोडणीत पिवळी वायर १२ ची, लाल ५ ची, मधल्या दोन काळ्या. तो पांढरा जोड दोन कोपऱ्यांना छाटलेला असतो, म्हणजे उलटा बसू नये. पण स्वस्त मालाचं प्लास्टिक इतकं मऊ असतं की जोर लावला तर उलटाही बसतो. मग १२ व्होल्ट जातात ५ च्या जागी आणि एका सेकंदात डिस्कचा बोर्ड खलास! बसत नसेल तर फिरवून बघा, दाबू नका.

आयडीईवाल्यांसाठी अजून एक भानगड, जंपर. टाचण्या आणि वीज यांच्या मधे एक इवलीशी प्लास्टिकची टोपी असते. एका केबलवर दोन डिस्क असायच्या तेव्हा मोठी कोण, धाकटी कोण, म्हणजे मास्टर-स्लेव्ह, हे ती टोपी ठरवायची. ॲडॅप्टरला डिस्क साधारण मास्टर असलेली आवडते. आकृती डिस्कच्या लेबलवर छापलेली असते. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कना एकटंच राहायचं असेल तर टोपी अजिबात नको असते. डिस्क फिरतेय, पण कॉम्प्युटरला दिसत नाही, असं झालं की पहिला संशय या टोपीवर घ्या.

लेबलवरची नावं वाचतानाही मजा येते. मॅक्स्टर? ती कंपनी २००६ मध्ये सीगेटने गिळली. सॅमसंगचा डिस्कचा धंदाही २०११ मध्ये सीगेटकडेच गेला. आयबीएमच्या डिस्क हिताचीकडे, हिताचीच्या वेस्टर्न डिजिटलकडे. डिस्क करणाऱ्या कंपन्या उरल्या नाहीत, डिस्क मात्र आपल्या दिवाणात आहे.

गेल्या काही वर्षांत माझं ॲडॅप्टर बरंच फिरलं. त्यातली अकोल्याची एक गोष्ट सांगतो, कारण यात जे जे होऊ शकतं ते जवळपास सगळं तिथे झालं. मैत्रीण पुण्यात आयटीत, माहेर जठारपेठेत. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी लेकीच्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकून घेतलं आणि वऱ्हाडी शब्द जमवायला बसले. सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टमाटे, पऱ्हाटी, फल्ली, उलसक... शब्द, त्याचा अर्थ, कोणाच्या तोंडून कुठल्या गावी ऐकला. रोज दुपारी दोन तास, लाइट असली तर. ते २०११ मध्ये गेले. कॉम्प्युटर त्याच्याही आधी बंद पडला होता. काकूंनी दिवाळीच्या आवराआवरीत तो भंगारात काढला होता, वजनावर भाव ठरला होता. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीतच होतो. अकोला शंभरेक किलोमीटर. आता त्या रस्त्याने काही वाटत नाही, २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात गेलेला हाच तो रस्ता. ॲडॅप्टर डिकीत टाकलं आणि निघालो.

डिस्क सीगेटची, ४० जीबी, आयडीई. आधी तिच्यावरची धूळ कोरड्या ब्रशने झटकली. काकूंनी प्रेमाने स्टीलचं ताट पुढे केलं, ‘याच्यावर ठेव, सांडणार नाई.’ डिस्कच्या पोटाला सर्किट बोर्ड उघडा असतो, धातूवर ठेवला की शॉर्ट. म्हणून लाकडी टेबल, त्यावर एक जाड वही, त्यावर डिस्क, आडवी. कोरड्या हवेत अंगात स्थिर वीज साठते, त्यामुळे हात लावायच्या आधी नळाला हात लावून आलो. बघणाऱ्यांना वाटलं, पूजाच चालू आहे.

आधी डिस्कला ॲडॅप्टर, मग विजेचं खोकं, मग बटण. यूएसबीची वायर सगळ्यात शेवटी. बटण दाबल्यावर कान द्यायचा असतो. डिस्क सुरू होताना विमानासारखा चढत जाणारा आवाज येतो, मग दोन-तीन बारीक खरखरी आणि मग एकसुरी घूंऽऽ. हा आवाज आला की अर्धी लढाई जिंकलीत. पंधरा वर्षं न फिरलेल्या डिस्कमध्ये वाचणारी डोकी तबकडीला चिकटून बसलेली असू शकतात. ती फिरतच नाही, नुसती कण्हते. मास्तरांची फिरली.

यूएसबी लावल्यावर विंडोजने पहिला प्रश्न विचारला, ‘या डिस्कमध्ये काही बिघाड दिसतो, स्कॅन करून दुरुस्त करू का?’ नाही म्हणा. कॉपी होईपर्यंत कुठल्याही दुरुस्तीला नाही म्हणा, कारण दुरुस्ती म्हणजे त्या डिस्कवर काहीतरी लिहिणं, आणि जखमी डिस्कवर लिहिणं म्हणजे मार्च महिन्यात झोपलेल्या पोराला उठवून अभ्यासाला बसवणं. दुसरा एक प्रश्न काही डिस्कना येतो, ‘वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’. तिथे तर बोट कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवा. तिसरा येतो तो निरुपद्रवी : ‘हा फोल्डर बघायची तुम्हाला परवानगी नाही, कंटिन्यू करायचं का?’ तो जुन्या एक्सपीच्या युजरचा पहारेकरी असतो, कंटिन्यू केलं की बाजूला होतो. थोडा वेळ घेतो, घेऊ द्या. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांचं इथे नकळत भलं होतं. मॅक विंडोजची जुनी डिस्क वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. या कामात हवंय तेच.

शोधायचं कुठे? आमच्या त्या पिढीने माय डॉक्युमेंट्स कधी वापरलं नाही. सगळं डेस्कटॉपवर, नाहीतर डी ड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर टू’, ‘पप्पा’, ‘पप्पा नवीन’. डेस्कटॉप सापडतो ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये युजरच्या नावाखाली. आउटलुक एक्स्प्रेसचे मेल त्याच घरात, लपवलेल्या फोल्डरांत चार पायऱ्या आत, म्हणून आधी लपवलेल्या फाइल्स दाखवायची खूण करा. घरी दुकान किंवा जिनिंगचा हिशोब असेल तर टॅलीचा डेटा फोल्डर जसाच्या तसा उचला, आतलं काही निवडत बसू नका. आणि न्यू फोल्डरच्या नावाची पण एक्झी असलेली फाइल दिसली तर तिच्यावर क्लिक करू नका. सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर बसून घरोघरी गेलेला तो व्हायरस अजून तिथेच झोपलाय. फोटो, डॉक्युमेंट, आवाज उचला, प्रोग्रॅम राहू द्या.

क्रमही महत्त्वाचा. पहिल्यांदा ते, जे जगात दुसरीकडे नाही. गाणी आणि सिनेमे सगळ्यात शेवटी, ती आता मोबाइलवर वाजतात. यूएसबी टू च्या ॲडॅप्टरवर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे भरलेली ४० जीबी अर्ध्या-पाऊण तासात यावी. हजारो बारक्या फाइल्स असतील तर जास्त. डिस्क तापते. पंखा लावा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४७ च्या वर गेलेला आहे, तेव्हा हे काम थंडीत केलेलं बरं. आणि कूलरसमोर तर मुळीच नको, ती ओली हवा आपल्यासाठी आहे, सर्किटसाठी नाही.

मास्तरांचा फोल्डर मिळाला. ‘शब्द’ नावाचा, आत अक्षरवार फाइल्स. मैत्रिणीने ‘क’ उघडली आणि तिचा चेहरा पडला. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, उद्गारचिन्हं. काहीच्या काही. ‘करप्ट झालंय,’ ती म्हणाली.

करप्ट नव्हतं. हा खास आपला, मराठी माणसाचा प्रॉब्लेम आहे आणि इंग्रजीतून डिस्क कशी जोडावी हे शिकवणारे तो कधी सांगत नाहीत. त्या काळात घरोघरी मराठी टाइप व्हायचं ते युनिकोडमध्ये नाही. पुण्याच्या मॉड्युलरचं श्रीलिपी, सी-डॅकच्या आयएसएमचे फाँट, आकृती, शिवाजी, कृतीदेव... प्रत्येकाचा कारभार निराळा. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठायचे ते इंग्रजी अक्षरांचेच कोड, फाँट फक्त त्या जागी मराठी चित्र दाखवायचा. फाँट गेला की उरतो तो डॉलर आणि कंस. म्हणून डिस्क जोडल्यावर डॉक्युमेंटइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्या सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधला फाँट्सचा फोल्डर. तो अख्खा उचला. काही एमबींचा तर असतो! त्यातला नेमका फाँट आपल्या लॅपटॉपवर बसवला की पान जिवंत होतं. ‘क’ ची फाइल बंद करून पुन्हा उघडली. पहिला शब्द होता ‘काहून’.

फाँट बसवून मिळालेलं मराठी अजून परावलंबीच असतं, हे लक्षात घ्या. म्हणून त्याच बैठकीत दोन कामं. एक, प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवा. तिच्यात फाँट सोबत बांधला जातो, कुठल्याही मोबाइलवर दिसते. दोन, सवडीने कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. नेटवर हे कन्व्हर्टर मिळतात, पण ते डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखे नाहीत. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार हरवतो, जोडाक्षरांचे तुकडे पडतात. वाचून सुधारावंच लागतं. मैत्रीण आठवड्याला एक अक्षर करते, ‘न’ पर्यंत आलीय.

आणखी एक फोल्डर होता, त्याचं नाव होतं ‘आवाज’. आत अकरा वेव्ह फाइल्स, प्रत्येक बरोबर एक मिनिटाची. एक्सपीमधला साउंड रेकॉर्डर एका वेळी साठच सेकंद रेकॉर्ड करायचा, हे ज्यांनी तो वापरलाय त्यांना आठवत असेल. मास्तरांनी म्हणी सांगितल्या होत्या, त्या मागचे किस्सेही, आणि प्रत्येक किस्सा साठाव्या सेकंदाला वाक्याच्या मधेच तुटत होता. पुढच्या फाइलमध्ये ते ‘हं, तं काय सांगत होतो...’ म्हणून पुन्हा सुरू करत. वेव्हला फाँट लागत नाही. क्लिक केलं आणि वाजलं. काकू स्वयंपाकघरात होत्या. बाहेर आल्या, हात पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘उलसक मोठ्यानं लाव ना बाबू.’

सगळं काही मिळालं नाही. २००३ चा फोटोंचा एक फोल्डर उघडायला गेलो की डिस्क अडखळायची, कॉपीची पट्टी जागच्या जागी थांबायची. इथे पुन्हा पुन्हा ‘ट्राय अगेन’ दाबत बसणं धोक्याचं. ज्या भागाला जखम झालीय तिथे डोकं घासत राहतं आणि शेजारचा चांगला भागही जातो. तो फोल्डर सोडून बाकीचं आधी काढून घेतलं. मग लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम लावून ठेवला. तो शहाणा आहे. आधी डिस्कचा जेवढा भाग सहज वाचता येतो तेवढ्याची सलग नक्कल करतो, अवघड जागांकडे नंतर वळतो आणि कुठपर्यंत आलो याची वहीही ठेवतो. रात्रभर चालला. त्या फोल्डरमधले निम्म्याहून जास्त फोटो आले, काही अर्धेच आले, वरची पट्टी रंगीत आणि खाली राखाडी. बाकीचे गेले ते गेलेच.

आणि डिस्कने सुरू होताच टक्... टक्... टक् असा ठोका धरला तर? ताबडतोब बंद. कबूल आहे, मोह होतो अजून एकदा बघायचा. पण तो आवाज म्हणजे डोकं आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये, आणि प्रत्येक प्रयत्नात तबकडीवर ओरखडा पडायची शक्यता आहे. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा एक उपाय कोणीतरी काका हमखास सांगतात. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. नको. स्क्रू काढून आत डोकावणंही नको, डोकं आणि तबकडी यांच्यातलं अंतर इतकं कमी असतं की धुळीचा एक कण पुरतो. तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावायची युक्तीही बऱ्याच डिस्कवर चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं तिच्याच बोर्डवर लिहिलेली असतात. अशा वेळी डेटा रिकव्हरीची लॅब हाच रस्ता आणि बिल पाच आकड्यांत जाऊ शकतं. आधी लेखी अंदाज मागा, ‘डेटा मिळाला नाही तर पैसे किती’ हे विचारा आणि मग ठरवा की आत जे आहे त्याची किंमत तुमच्या लेखी तेवढी आहे का. कधी असते, कधी नसते.

निघालेला माल एका पेनड्राइव्हवर ठेवून झोपू नका. एक प्रत तुमच्याकडे, एक गावी बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर. क्लाउडचं खातं कधी-मधी उघडत राहा, गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायला सुरुवात केली आहे. फोटोंमध्ये कोण कोण आहे ते मात्र याच दिवाळीत आईला, मोठ्या आईला शेजारी बसवून लिहून घ्या. ‘डीएससी ००४७’ या नावावरून मामांच्या वास्तुशांतीतला तो टोपीवाला कोण, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही.

राहिली जुनी डिस्क. लगेच टाकू नका, कॉपी नीट उघडतात याची महिनाभर खात्री करा. नंतर द्यायचीच असेल तर नुसतं फॉरमॅट करून भंगारवाल्याला देऊ नका. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच असतात. बाबांच्या पॅनकार्डाचं स्कॅन, बँकेची पासबुकं, तुमचे २००६ चे बायोडेटा (‘हॉबीज : लिसनिंग म्युझिक’!) हे सगळं त्याच ॲडॅप्टरने कोणीही वाचू शकेल. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहिणारं सॉफ्टवेअर चालवा, किंवा सरळ तबकडीला ड्रिलने भोकं पाडा आणि मग ई-कचऱ्यात द्या.

माझं ॲडॅप्टर सध्या परतवाड्याला आहे. एका मित्राच्या काकांना त्यांच्या संत्र्याच्या बागेचे जुने हिशोब हवे होते, ते त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडून मागवून घेतलं. परवा त्यांचा फोन आला, ‘डिस्क तं फिरून राहिली, पण दिसून नाई राहिली.’ जंपर बघा म्हटलं.